नव्वदाव्या दिवसाचे ठोकळे

माझी वहिनी बेचाळिसाव्या वर्षी शिकायला परदेशी गेली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत कमी आश्चर्य माझ्या दादाला वाटलं. "ही एका जागी बसते कुठे? इतकी वर्षं घरातल्या घरात फिरत होती, आता जरा लांब फिरेल," असं म्हणून तो तिच्या बॅगेचं कुलूप नीट लागतंय का ते चौथ्यांदा बघायला गेला.

वहिनीला माहेरी भिंगरी म्हणत. ती उभ्यानेच चहा प्यायची. फोनवर बोलताना घरभर हिंडायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं आम्हाला कळायचं आणि अर्धं स्वयंपाकघराला. लग्न होऊन आली तेव्हा आईच्या धाकाने मला 'वन्सं, तुम्ही' म्हणायला लागली, आणि आई गेल्यावरही ते तसंच राहिलं. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. 'अगं, मला तू म्हण' असं सांगून सांगून मी थकले.

ती तंत्रनिकेतनात सतरा वर्षं शिकवत होती. तिचा विषय काँक्रीट. ऐकायला कोरडा वाटतो, पण ती त्याच्याबद्दल बोलायला लागली की भाजी करपायची. गिरण्यांबाहेर भाताच्या तुसाचे ढीग पडलेले असतात ना, त्या तुसाची नीट जाळलेली राख सिमेंटमध्ये मिसळली तर काँक्रीट किती मजबूत होतं, हे तिला शोधायचं होतं. इथे साधनं नव्हती. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकबाईंना तिने पत्र लिहिलं, त्यांनी तिला तीन वर्षांसाठी बोलावलं. बिट्टी, म्हणजे माझी भाची, तेव्हा आठवीत होती. दादा वीज कार्यालयातून सातला यायचा. मग बिट्टीकडे कोण बघणार? मी लग्न केलेलं नाही, दोन गल्ल्या सोडून माझ्या दोन खोल्या होत्या आणि त्यात दुपारचा शिवणाचा वर्ग चालायचा. मी शिवणाचं एक यंत्र उचललं आणि दादाकडे राहायला आले.

पुढचं सगळं मला वहिनीनेच सांगितलं. काही तेव्हाच्या तेव्हा फोनवर, काही खूप नंतर.

तिची खोली एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर, छपराखाली होती. छत एका बाजूने इतकं उतरतं की पलंगावरून उठताना पहिल्या आठवड्यात तिने कपाळाला दोनदा टेंगूळ आणलं. एक टेबल, एक कपाट, भिंतीलगत खोली तापवणारा गरम पाण्याचा नळ, आणि तो सकाळी तापायला लागला की आत कुणी चमचा वाजवतंय असा आवाज. पोचली त्याच दिवशी ती कचरा टाकायला खाली गेली आणि मागे दार आपोआप बंद झालं. किल्ली आत, चप्पल आत, स्वेटर आत. घरमालकीण तळमजल्यावर राहायची, सत्तरीची, एकटी. तिने दार उघडून दिलं आणि हातवारे करून समजावलं, की किल्ली गळ्यात घाल. वहिनीने दुसऱ्या दिवसापासून खरंच किल्ली नाडीत ओवून गळ्यात घातली.

"मंगळसूत्र काढून ठेवलंय, किल्ली घातलीय," असं तिने दादाला फोनवर सांगितलं. दादा हसला, पण फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "काढून कशाला ठेवायचं?"

परक्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात एक फॉर्म भरायचा होता. त्यात शेवटचा रकाना: परत जाण्याची अंदाजे तारीख. वहिनीने तीन वर्षांनंतरची तारीख लिहिली, मग खोडून अडीच वर्षांनंतरची लिहिली. खिडकीतल्या कारकुनाने नवा फॉर्म दिला. तिने दोन वर्षं लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसरा फॉर्म देताना कारकून म्हणाला, "बाई, ही अंदाजे तारीख आहे. विमान तुमच्यासाठी थांबलेलं नाही."

पण तिच्या डोक्यात ते रोजच थांबलेलं असायचं. पहिल्या महिन्यात तिने पलंग चारही भिंतींना लावून पाहिला. खिडकीशी थंडी वाजते, दाराशी जिन्याचा आवाज येतो, नळाशी डोकं तापतं. चौथ्यांदा ओढत असताना दारावर टकटक झाली. घरमालकीण तीन जिने चढून धापा टाकत उभी. आता ही बोलणार, असं वहिनीला वाटलं. म्हातारीच्या हातात जाड लोकरी कापडाचे चार तुकडे होते. पलंगाचे पाय दाखवून ती म्हणाली, "सरकव हवा तितका. पण हे लावून सरकव."

तिसऱ्या महिन्यात तिने दुसरी खोली शोधायला घेतली. चार जागा पाहिल्या. एकीला खिडकीच नव्हती, एकीत आधीच्या माणसाचे बूट होते आणि तो परत येईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या दोन बऱ्या होत्या, पण तिथून प्रयोगशाळेचा रस्ता वेगळा पडत होता. "अगं, मग वेगळ्या रस्त्याने जायचं," मी म्हटलं. "नाही हो वन्सं, या रस्त्याची सवय झालीय," ती म्हणाली. सवयही झालेली, करमतही नाही, असा तो प्रकार होता. ट्रामचा पास काढून ती चालतच जायची. ट्राममध्ये बसावं लागतं, म्हणून.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम कसलं आलं, तर वाट बघायचं.

काँक्रीटचे ठोकळे करायचे. पाण्याच्या कॅनइतके मोठे नाहीत, वीतभर लांब-रुंद-उंच. साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा आणि ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवायचे. स्लॅबवर आपण पाणी मारतो ना, तसंच, फक्त इथे ते बुडूनच बसतात. मग सातव्या दिवशी काही बाहेर काढून यंत्रात दाबून फोडायचे, काही अठ्ठाविसाव्या दिवशी, काही नव्वदाव्या. कितव्या दिवशी किती वजनाला फुटला, तो आकडा म्हणजे संशोधन. मधल्या दिवसांत काय करायचं? काही नाही. ठोकळे पाण्यात असतात.

वहिनी दिवसातून तीनदा तळघरात जाऊन पाण्याचं तापमान बघायची. टाक्यांची देखभाल एका तंत्रज्ञाकडे होती. साठीला आलेला, आडव्या बांध्याचा, राखाडी डगला घातलेला माणूस. टाकीतून काहीही आत-बाहेर झालं की तो आपल्या वहीत लिहायचा. तो इतका कमी बोलायचा की वहिनीने त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. ती रोज तिसऱ्यांदा आली की तो फक्त तापमापकाकडे बोट दाखवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. वहिनीने त्याला आठ महिन्यांत एक गोष्ट विचारली नाही. साचे जड असायचे, ती एकटी उचलायची. यंत्राचा दांडा घट्ट झाला की दोन्ही पायांनी जोर द्यायची. मी म्हटलं, "अगं, त्या बाबाला सांग ना."

"वय झालंय माझं. या वयात शिकायला आलेली बाई प्रत्येक गोष्ट विचारत बसली तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"ते मला त्यांच्या भाषेत कळणार नाही, तेच तर वाईट."

इकडे बिट्टी फोनवर हो, नाही, बरं, एवढ्या तीन शब्दांवर आली होती. वहिनीला वाटे पोर तुटली. तसं काही नव्हतं. त्या वयाच्या सगळ्या मुली तशाच बोलतात, माझ्याशीही तशीच बोलायची. पण लांबून प्रत्येक गोष्ट मोठी दिसते.

आठव्या महिन्यात बिट्टी शाळेच्या मैदानावर पडली आणि तिच्या उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले, हाडांना धातूची पट्टी बसवावी लागेल, ऑपरेशन. दादा म्हणाला, "तिला आत्ता सांगू नकोस. झाल्यावर सांगू. ती तिथे चकरा मारून मारून जमीन झिजवेल." मी हो म्हटलं आणि तासाभरात फोन लावला. मला लपवता येत नाही, शिवणातही चुकलेला टाका मी आधी दाखवते. वहिनीने ऐकून घेतलं, एवढंच म्हणाली, "ठेवते," आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

आता त्या दिवशी टाकीत बारा ठोकळे त्र्याऐंशी दिवसांचे होते. नव्वदावा दिवस आठवड्याने उजाडणार होता आणि ती तेव्हा इकडे आमच्याकडे असणार होती. कुणाला सांगावं, तर पुन्हा तेच विचारणं. प्राध्यापकबाई परगावी परिषदेला गेलेल्या. वहिनी सकाळी साडेसातला तळघरात गेली, बाराही ठोकळे बाहेर काढले, पुसले आणि एकामागोमाग एक यंत्राखाली ठेवले. ती सांगते, एरवी ठोकळा फुटतो तेव्हा आधी कडेचे टवके उडतात, बारीक करकर ऐकू येते, आणि ते बघायला तिला आवडायचं. त्या दिवशी तिने एकाकडेही नीट पाहिलं नाही. आकडे लिहिले आणि वर दिवसाच्या रकान्यात लिहिलं: नव्वद.

तुकडे पेटीत लोटून ती वळली तर मौनीबाबा दारात हातात किल्ल्या घेऊन उभा, कधीपासून कोण जाणे. ती त्याच्या बाजूने निघून थेट विमानतळावर गेली.

ती घरी पोचली तोवर ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. बिट्टी उशीला टेकून एका हाताने संत्रं सोलायची खटपट करत होती. आईला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? तू काय डॉक्टर आहेस?" वहिनीने कंगवा घेतला आणि तिचे केस विंचरायला बसली. हो, बसली. पोरीने अर्धा तास डोकं हलवलं नाही, आणि मग त्या डोक्यातून एकदम शाळा, मैत्रिणी, गणिताच्या बाई, सगळं बाहेर पडायला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले.

दोन आठवडे ती राहिली. पोरीचा हात सुधारत होता, पण हिचं काही तरी बिनसलं होतं. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. एका दुपारी मी गणवेशाची दुमड उसवत बसले होते, ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने ठोकळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

मी विचारलं, "सात दिवसांनी किती फरक पडतो?"

"फारसा नाही. जवळपास नाहीच."

"मग झालं तर. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, मी मनापासून म्हटलं. तिचा जीव हलका व्हावा म्हणून.

"वन्सं, तुम्ही चुकलेला टाका आधी दाखवता ना हो?"

मला राग आला. "तो गिऱ्हाइकाच्या अंगावर दिसतो म्हणून दाखवते. तुझा ठोकळा तर फुटला. कोण बघायला येणार?" असं म्हणून मी पुन्हा दुमड उसवायला घेतली. त्यानंतर ती जाईपर्यंत आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही. निघताना पाया पडून नेहमीसारखी म्हणाली, "येते, वन्सं." वयाने मोठी असून ती दर वेळी मला वाकायची, आणि मी दर वेळी मागे सरकायचे. त्या दिवशी सरकायचं राहून गेलं.

परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती प्राध्यापकबाईंच्या खोलीसमोर गेली. दार अर्धं उघडं होतं. जिन्यापर्यंत तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी आतूनच आवाज आला, "आत या, नाही तर दार तरी लावा."

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आधी घरी पाठ केलेली वाक्यं विसरून, मोडकंतोडकं. बाई ऐकत होत्या. त्यांनी वही मागितली, पान बघितलं, वही मिटली.

"त्र्याऐंशी लिहिलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "लोक लिहितात. खाली कारण द्यायचं. नव्वद का लिहिलंत?"

वहिनीने इतके दिवस स्वतःला मनातल्या मनात काय काय शिक्षा दिली होती, हद्दपारीपर्यंत. आणि हा साधा मार्ग तिला एकदाही सुचला नव्हता. ती म्हणाली, "मला कुणाला विचारता आलं नाही."

बाईंनी त्यावर समजूत घातली नाही. नव्वद दिवसांची ती सगळी मालिका रद्द केली. नवे ठोकळे, नवे नव्वद दिवस. त्याने पुढचं वेळापत्रक ढकललं जाईल आणि मुदतवाढीचा अर्ज वहिनीनेच करायचा, कारणासकट. "कारण खरं लिहा," एवढं त्या शेवटी म्हणाल्या.

तिथून ती तळघरात गेली. मौनीबाबा साच्यांना तेल लावत होता. ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं." त्याने फडकं खाली ठेवलं, आपली वही काढली आणि एक ओळ दाखवली. बारा ठोकळे, टाकीतून बाहेर, त्या दिवसाची खरी तारीख, सकाळी सात चाळीस.

"तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

"नोंद माझी," तो म्हणाला. "बोलणं तुमचं." मग, त्याच्या हिशेबाने खूपच लांबलचक भाषण करत, "मला सांगून गेला असतात तर मी नव्वदाव्या दिवशी फोडून ठेवले असते. गेली एकतीस वर्षं दुसऱ्यांचे ठोकळे फोडतोय."

वहिनी म्हणते, तेव्हा तिला रडू आलं, आणि रडता रडता तिने त्याला साचा उचलायला मदत मागितली.

आता नवी अडचण. नवे ठोकळे त्याच राखेचे हवेत, आणि तिच्याकडची राख संपत आलेली. नशिबाने वहिनी जाताना मागे राहिलेली राखेची अर्धी गोणी दादाने माळ्यावरून हलवू दिली नव्हती. आम्ही ती पिशव्यांत भरली आणि मी पार्सलच्या कार्यालयात गेले. खिडकीमागचा माणूस फॉर्म भरत होता.

"आत काय आहे?"

"राख."

त्याने पेन थांबवलं. डोळ्यांवरचा चष्मा काढला, आवाज खाली आणला. "कुणाची?"

"भाताची हो. तुसाची."

"म्हणजे... घरातलं कुणी नाही?"

"घरातली आहे ना, तिकडे. तिलाच पाठवायचीय."

त्याने साहेबांना बोलावलं, साहेबांनी आणखी दोघांना. शेवटी तंत्रनिकेतनाच्या शिक्क्याचं पत्र आणावं लागलं आणि राख गेली. ही गोष्ट मी वहिनीला फोनवर सांगितली, तेव्हा ती इतकी हसली की तळमजल्यावरून घरमालकिणीने जिन्याच्या कठड्यावर काठी वाजवली.

पुढचे नव्वद दिवस ती बदलली, असं मी म्हणणार नाही. चकरा चालूच होत्या. तापमान तीनदाच बघायची, फक्त आता मौनीबाबा तिसऱ्या वेळी चहा करून ठेवायचा. एकदा तो आजारी पडून चार दिवस आला नाही, तेव्हा त्याच्या वहीत तिने त्याच्यासाठी नोंदी केल्या, तारीख-वेळेसकट. घरमालकिणीचा चष्मा दुरुस्तीला नेऊन द्यायची, तिला पत्रं वाचून दाखवायची, उच्चार चुकले की म्हातारी काठी आपटायची. त्यातूनच भाषा आली. खोली तिने पुन्हा शोधली नाही. मात्र घरची ओढ कमी झाली नाही. पहाटेच जाग यायची आणि बिट्टी आता शाळेत कितव्या तासाला असेल याचा हिशेब सुरू व्हायचा, तो अंथरुणात पडून करवेना म्हणून ती नदीपर्यंत चालून यायची. "इथे असले की तिथलं, तिथे असले की इथलं," ती मला म्हणायची. "माझं काय होणार, वन्सं?" मला काय माहीत?

नव्वदाव्या दिवशी ठोकळे फुटले. आकडे त्र्याऐंशी दिवसांच्या आकड्यांना जवळजवळ चिकटून आले. दादा फोनवर म्हणाला, "म्हणजे सगळा उपद्व्याप फुकटच की!" तिकडून ती एवढंच म्हणाली, "बिट्टीला फोन द्या." दादाला त्या दिवसापासून ठोकळ्यांवर बोलायची बंदी झाली, ती त्याने आजवर पाळली आहे.

तीन वर्षांचं काम तीन वर्षं सात महिन्यांत झालं. प्रबंधाच्या शेवटी तिने आभार मानले आहेत, त्यात मौनीबाबाचं खरं नाव आहे, दादा-बिट्टीचं आहे, माझंही आहे. माझ्या नावापुढे तिने 'नणंद' लिहिलं आणि त्या भाषेत त्याला नेमका शब्द नाही म्हणून खाली अडीच ओळींची टीप द्यावी लागली.

ती परत आली तेव्हा बिट्टी बारावीत जाणार होती, आईपेक्षा बोटभर उंच. विमानतळावर वहिनी तिच्यासमोर येऊन थांबली. मग बिट्टीने बॅग घेतली आणि म्हणाली, "चल, उभी काय राहिलीस?" सोमवारी वहिनी तंत्रनिकेतनात हजर झाली. आता तिच्या प्रयोगशाळेतल्या टाकीजवळ दोरीला बांधलेली एक वही आहे आणि मुलांनी खोटी तारीख टाकली तर ती ओरडत नाही, म्हणते, "खरी टाका आणि कारण लिहा."

मी माझं यंत्र उचलून माझ्या दोन खोल्यांत परत आले. इतकी वर्षं एकटी राहिलेली मी, मला वाटलं, हुश्श होईल. पहिले पंधरा दिवस काही केल्या करमेना. दुपार वर्गात जायची, पण सहा वाजले की मी उगाच दार उघडून जिन्यात डोकावायचे. कपाट इकडचं तिकडे केलं, परत होतं तिथे आणलं. दोन गल्ल्यांवर तर घर, पण रोज रोज कसं जायचं? शेवटी मी वर्गाची वेळ बदलली. आता सहा ते आठ या वेळात सात मुली येतात, आणि आठवी, मला 'वन्सं' म्हणणारी, दर गुरुवारी उशिरा येते.